न वळलेला चेंडू

हॉलिस फेरीच्या बेसबॉल मैदानावर सामन्याच्या दिवशी दुपारी तीनला एक ठेंगणा म्हातारा येतो. पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची माती दाताळ्याने ओढतो, पाणी मारतो, पायाने दाबून बघतो आणि पहिला चेंडू पडायच्या आत निघून जातो. त्याचं नाव डेल्मर क्रेस, सगळे डेल म्हणतात. गावात नव्याने आलेल्या कुणी हात पुढे केला की हा डावा हात देतो, कारण उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. गाव सांगतं, हॅस्केल नावाच्या पिचरच्या चेंडूने मोडली. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक आता नाही, आणि दुसऱ्याने एकदा दाताळं हातात धरूनच माझ्यापाशी सगळं बोलून टाकलं.

डेलचा बाप एमिल नेब्रास्कातल्या एका कत्तलखान्यात हातोडा चालवायचा. गुरं अरुंद गल्लीतून एकेक करून पुढे यायची आणि एमिल त्यांच्या कपाळावर हाणायचा, दिवसाला तीनतीनशे. संध्याकाळी घरी आल्यावरही तो हात गप्प बसायचा नाही. बायकोचं मनगट त्याने दोनदा मोडलं. डेल चौदा वर्षांचा होता तेव्हा एका रविवारी बापाने पुन्हा हात उचलला, आणि डेलने स्वयंपाकघराच्या या टोकावरून बिटाच्या लोणच्याची बरणी फेकली. ती बापाच्या नाकावर फुटली. लाल पाणी आणि रक्त एकत्र होऊन शर्टावर ओघळलं. एमिल खाली बसला, नाक धरून बराच वेळ पोराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नेम चांगलाय रे तुझा." त्यानंतर त्याने त्या घरात कुणावर हात टाकला नाही. डेलला त्यातून जो धडा मिळाला तो चांगला होता असं मी म्हणणार नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो व्यावसायिक बेसबॉलमध्ये आला, अगदी तळाच्या लीगमध्ये. उंची पाच फूट आठ इंच. पिचर म्हणजे ताडमाड हवा अशी वरच्या क्लबांची ठाम समजूत असते. त्याच्या नावापुढे पहिल्याच वर्षी कुणीतरी लिहून ठेवलं: बुटका, तापट. ते दोन शब्द पुढच्या माणसाने न बघता उतरवले, त्याच्या पुढच्याने त्याच्यावरून. डेलने तापटपणाची बाजू मात्र नेटाने सांभाळली. एका गावात कपडे बदलायच्या खोलीचं दार फोडलं, दुसऱ्या गावात बारच्या मागे दोघा भावांना इतकं बडवलं की त्यातल्या एकाला आठवडाभर नळीने सूप पाजावं लागलं. सहा मोसम तो त्याच पायरीवर घुटमळत राहिला. त्याच्यासोबतचे उंच, देखणे, चेंडू कुठेही भिरकावणारे गडी वर गेले.

सव्विसावं लागलं त्या हिवाळ्यात त्याने कातड्यांच्या गोदामात काम धरलं. तिथे मागच्या भिंतीवर एक अख्खं बैलाचं कातडं टांगलं, त्यावर कोळशाने माणूस काढला आणि रोज काम सुटल्यावर तीनशे चेंडू फेकले. मार्चपर्यंत त्याच्या हाताला एक वळणारा चेंडू बसला. हा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या थेट बरगडीवर निघायचा. फलंदाज जीव वाचवायला मागे उडी मारायचा, आणि चेंडू शेवटच्या हातभर अंतरात वळून गपकन फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातात, नियमाच्या चौकटीतून. अंपायर चेंडू बरोबर पडल्याची खूण करायचा आणि फलंदाज माकडासारखा मागे नाचलेला असायचा.

त्या मोसमात, म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तर साली, तो आमच्या हॉलिस फेरी मिलर्स संघाकडे होता; मीही त्याच संघात होतो. ऑगस्टपर्यंत त्याने लीगला घाम फोडला. तरी वर हूं की चूं नाही. शेवटी आमचा मॅनेजर ऑरिन स्टब्ज, ज्याला सगळे स्किप म्हणत, त्याने वरच्या क्लबच्या कचेरीत फोन करून शिव्या घातल्या. मग एका रविवारी दुपारी प्रेविट नावाचा माणूस गवताची टोपी घालून पहिल्या रांगेत येऊन बसला. कुणाला वर न्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे त्याच्या हातात असे.

"ही एकच संधी आहे," स्किप म्हणाला. "सव्वीस वर्षांच्या बुटक्याला बघायला माणूस दुसऱ्यांदा येत नसतो. आज डोकं ठिकाणावर ठेव. कुणी आई काढली तरी हस."

"माझी आई काढली तर मी पण काढीन त्याची."

"डेल."

"बरं, स्किप. हसतो."

समोर कोल्टनचा संघ होता. त्यांचा खरा फलंदाज रॉइस टॉलमन. चोवीस वर्षांचा, हाही कुणाच्या नजरेत न भरलेला. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं आणि ते कात्रण त्याने टोपीच्या अस्तरात खोचलं होतं, असं त्याचेच सोबती हसून सांगत होते. डेलने पहिल्याच डावात त्याला आपला वळणारा चेंडू दाखवला. रॉइसने मागे उडी घेतली, बॅट हातातून सुटली, बूड जमिनीवर टेकलं. चौथ्या डावात पुन्हा तेच. आमच्या डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवरून, आवाज आला, "ए बाई, घागरा सांभाळ!" रॉइस पँट झटकत डेलकडे बघून म्हणाला, "तिसऱ्यांदा नाही हलणार, बुटक्या. लिहून ठेव." डेलला ते ऐकू आलं. तो ठरल्याप्रमाणे हसला.

चौथ्या डावात आमची पाळी आली तेव्हा मिलर्स सहा-शून्यने पुढे होते आणि डेलने आठ जणांना परत पाठवलं होतं. त्या डावात आमचा एलाडिओ पहिल्या बेसवर, धावेच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, पोचला. एलाडिओ म्हणजे डेलचा खोलीतला सोबती. डोमिनिकन मुलखातला, एकवीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा, आणि त्याच्याकडेही वरून कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता आमच्यात एक रिवाज आहे. सहा धावांनी पुढे असताना बेस चोरायचा नाही, म्हणजे पिचरचं लक्ष नसताना पुढच्या बेसवर पळायचं नाही. समोरचा पडलेला असतो, पडलेल्याला लाथ घालायची नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलं तर शिक्षा आहे. एलाडिओला ते कुणी सांगितलं नव्हतं. डेलला पक्कं ठाऊक होतं. पण गवताची टोपी पहिल्या रांगेत होती आणि डेलला वाटलं, मी जातोच आहे वर, तर हाही दिसू दे त्यांना. त्याने डगआउटच्या पायरीवरून ओरडून सांगितलं, "एल, पळ! पळ ना, बघतोस काय!"

एलाडिओ पळाला आणि धूळ उडवत दुसऱ्या बेसवर उभा राहिला. कोल्टनचा पिचर हॅस्केल, सव्वासहा फुटी डावरा, त्याच्याकडे वळला. चेंडू हातात चोळत नुसता बघत राहिला.

सहाव्या डावात एलाडिओ बॅट घेऊन आला तेव्हा दोन गडी बाद होते. हॅस्केलचा पहिलाच चेंडू त्याच्या तोंडावर आला. ओल्या काठीवर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. एलाडिओ गुडघ्यांवर बसला आणि त्याने ओंजळीत तोंड धरलं. ओंजळीतून रक्त सांडलं, रक्तातून दात. डेल सगळ्यांत आधी पोचला. एलाडिओ काहीतरी सांगत होता, पण जबडा एका बाजूला लोंबत होता आणि शब्द होत नव्हता. दोन्ही संघ मैदानात धावले, ढकलाढकली झाली, अंपायरने मध्ये पडून सोडवलं. हॅस्केल हात पसरून म्हणाला, "निसटला चेंडू. घाम आलाय." अंपायरने ते मान्य केलं. एलाडिओला फळीवर घालून नेलं तेव्हा त्याने डेलची बाही धरली होती, ती सोडवावी लागली.

डगआउटमध्ये कुणी डेलकडे बघत नव्हतं. बघायची गरजच नव्हती. आपल्या माणसाला चेंडू लागला तर आपल्या पिचरने त्यांच्या सर्वांत चांगल्या फलंदाजाला चेंडू मारायचा, हा दुसरा रिवाज. बरगडीवर किंवा मांडीवर, डोक्यावर कधीच नाही. न मारणारा पिचर त्या संघात जगू शकत नाही. त्याच्यासाठी कुणी पळत नाही, कुणी झेल घेत नाही, कुणी शेजारी जेवत नाही.

स्किप हळूच म्हणाला, "आज सोड. तो बघतोय. अंपायरने हाकललं तर गेलास तू. मी सांगतो पोरांना समजावून."

"एलला मी पळायला सांगितलं, स्किप."

"ठाऊक आहे मला. ऐकलं मी."

"मग?"

स्किप थुंकला. "मग मला विचारू नकोस," तो म्हणाला.

सातव्या डावात पहिलाच फलंदाज रॉइस टॉलमन. आमच्या लॉनीने, म्हणजे कॅचरने, मांड्यांच्या आड मूठ धरली आणि तिच्यातून अंगठा बाहेर उडवला. त्या खुणेचा अर्थ एकच असतो. डेलने मान हलवली. त्याने रॉइसच्या तिसऱ्या बरगडीवर नजर रोवली, कोळशाने काढलेल्या माणसावर रोवायचा तशी. त्याच्या डोक्यात एलाडिओचा लोंबता जबडा होता, आणि का कोण जाणे, लाल पाण्याने भिजलेला बापाचा शर्टही. त्याने सरळ, अंगात होता नव्हता तो सगळा जोर लावून चेंडू टाकला.

एकच गोष्ट त्याच्या ध्यानातून निसटली. रॉइसने दोनदा हा चेंडू बरगडीवर येताना पाहिला होता आणि दोनदा तो वळला होता. तो तिसऱ्यांदा हलणार नव्हता, तसं त्याने सांगितलंही होतं. उलट वळणारा चेंडू गाठायला तो खाली वाकून पुढे झुकला. जिथे बरगडी असायला हवी होती तिथे त्याचं तोंड आलं. त्याने डोळे मिटले नव्हते. तो चेंडू वळायची वाट बघत होता.

त्या काळी हेल्मेटला गालापाशी काही नसे. चेंडू डाव्या डोळ्याखाली बसला आणि हाड आत गेलं. रॉइस आधी ताठ उभा राहिला, मग आडवा कोसळला आणि त्याच्या टाचा माती उकरू लागल्या. हेल्मेट घरंगळत गेलं, त्यातून टोपी पडली आणि टोपीतून ते कात्रण.

मग कोल्टनचा अख्खा संघ डेलवर आला. पहिला ठोसा कानावर, दुसरा पोटात. डेल पडला, त्याच्या पाठीवर खिळ्यांचे बूट नाचले. लॉनीने एकाच्या डोक्यात कॅचरचा मुखवटा घातला. स्किप, बासष्ट वर्षांचा माणूस, कुणाच्या तरी गळ्याला लोंबकळत होता. प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. एकाने डेलच्या पोटरीचा चावा घेतला. कोण होता ते त्याला कधीच कळलं नाही. डेलने कुणालाच मारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मार खाल्ला आणि हात उचलला नाही, कारण माणसांच्या पायांमधून त्याला रॉइसच्या टाचा दिसत होत्या. त्या आता थांबल्या होत्या.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली आणि गेली. अंपायर रक्ताळलेल्या ओठाने डेलपाशी आला. "वळला नाही का रे?"

लॉनी पटकन बोलला, "वळला नाही, साहेब. सुरुवातीपासून तोच टाकतोय. पोराच्या बोटांना घाम आलाय."

अंपायरने डेलकडे पाहिलं. डेल गप्प राहिला. हॅस्केलला सोडलं होतं, तेव्हा यालाही सोडणं भाग होतं. "पुन्हा एक जरी लागला तर सगळ्यांना घरी पाठवीन," असं म्हणून त्याने सामना चालू केला. डेलने नंतरचे तिघे नऊ चेंडूंत काढले. ते कसे टाकले, त्याला आठवत नाही.

डाव संपवून तो पायऱ्या उतरला तर प्रेविट डगआउटच्या कठड्याशी टोपी काढून उभा होता.

"क्रेस, तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं खोटं आहे," तो खुशीत म्हणाला. "वळणारा चेंडू छानच आहे, पण तसे खूप असतात. माणसाच्या अंगावर टाकायला न डरणारा गडी मिळत नाही. आणि त्यानंतर तीन गडी, नऊ चेंडू! मंगळवारी बॅग भर. दोन पायऱ्या वर जातोयस."

सात वर्षं डेल ज्या वाक्यासाठी झुरला ते वाक्य हे होतं. त्याने पाण्याच्या बादलीत ओकारी केली. प्रेविट हसला. "उन्हाचा त्रास," असं म्हणून तो जागेवर गेला.

आमच्या डावात लॉनी पहिल्या बेसवर पोचला आणि पुढचा नंबर डेलचा होता. तेव्हा पिचरलाही बॅटिंग करावी लागे. स्किपने त्याच्या छातीवर हात ठेवला. "तू बस. मी दुसऱ्याला पाठवतो. तिकडे हॅस्केल आहे अजून, त्यांच्याकडे दुसरा पिचर उरलेला नाही. आणि अंपायर काय बोलला ते त्याने ऐकलं असेल असं वाटत नाही मला."

"मारणाऱ्याने बॅट घेऊन उभं राहायचं असतं, स्किप. तुम्हीच शिकवलंत."

"मी गाढव आहे! मंगळवारी जायचंय तुला!"

डेल बॅट घेऊन चालू लागला.

बेसवर आपला माणूस असला की बॅटिंगला आलेला पिचर चेंडू फटकावत नाही, तो माणूस पुढे सरकावा म्हणून बॅट आडवी धरून नुसता टेकवतो. त्यासाठी उजवा हात बॅटच्या मध्यावर सरकवावा लागतो, बोटं पुढून उघडी. डेलने तसा हात सरकवला. हॅस्केलने लॉनीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा हात मागे गेला तेव्हाच डेलला कळलं चेंडू कुठे येणार ते. बॅट टाकून खाली लोळायला वेळ होता. सगळ्या मैदानाला वाटलं तो लोळेल, हॅस्केललाही तसंच वाटलं असणार. डेल हलला नाही. रॉइस हलला नव्हता तसा तो डोळे उघडे ठेवून उभा राहिला. चेंडू तोंडाच्या रेषेत आला, आणि तोंडासमोर बॅट होती, आणि बॅटवर त्याची बोटं.

हॉलिस फेरीत एकच इस्पितळ होतं. एलाडिओचा जबडा तारेने बांधून त्याला तळमजल्यावर ठेवलं होतं, रॉइस वरच्या मजल्यावर. डेलच्या दोन बोटांची हाडं डॉक्टरांनी जुळवून पट्ट्यांत घट्ट बांधली. "नशीबवान आहेस," ते म्हणाले. "तुकडे जागेवर बसलेत. सहा आठवडे हे हलू द्यायचं नाही, धक्कासुद्धा नको. मग वसंतात पुन्हा टाकशील." संध्याकाळपर्यंत प्रेविटचाही निरोप आला: आम्ही थांबतो, वसंतात ये. एवढं थांबायची कबुली आमच्या धंद्यात मिळत नाही. डेलच्या हातात अजून सगळं शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वरच्या मजल्यावर गेला. रॉइसच्या डोळ्यांवर, दोन्ही डोळ्यांवर, पट्टी होती. डावा गेला होता, उजव्याला विश्रांती. चेहरा कलिंगडाएवढा सुजलेला. खिडकीपाशी कुणीतरी ते कात्रण नीट उलगडून ठेवलं होतं.

"कोण?" रॉइसने विचारलं.

"डेल क्रेस."

रॉइसने डोकं आवाजाकडे वळवलं. मग म्हणाला, "आमचे सगळे म्हणतात तू मुद्दाम मारलास. मी म्हटलं, नाही. मी बघत होतो ना त्याच्याकडे. वळायलाच निघाला होता तो. वळला नाही, एवढंच. होतं असं." त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "असंच ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. लॉनी म्हणाला होता, अंपायरने मानलं होतं, सगळ्या लीगने मानलं असतं. डेल म्हणतो की त्या क्षणी त्याला बापाची आठवण झाली, नाक धरून बसलेल्या बापाची. बाप काहीही असला तरी त्या दिवशी खरं बोलला होता.

"नाही," डेल म्हणाला. "तो वळणारा नव्हताच. मी सरळ टाकला. बरगडीवर मारायचा होता. तू वाकशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू सांगितलं होतंस मला."

खाली कुठेतरी ट्रॉली घासत गेली. रॉइसचा श्वास मोठा झाला.

"कुठला हात?"

"उजवा."

"ऐकलं, तो मोडलाय म्हणे."

"जोडलाय. वसंतात टाकता येईल म्हणतात."

"इकडे आण," रॉइस म्हणाला. त्याने पांघरुणातून हात काढून हवेत चाचपला. "मला दिसत नाही. तू आण."

डेलला कळलं. तो काही मूर्ख नव्हता. दार तीन पावलांवर होतं आणि पलंगावरचा माणूस आंधळा होता. तो पुढे झाला, पट्ट्यांत बांधलेला उजवा हात त्याने उचलला आणि रॉइसच्या पंजात स्वतः ठेवला.

रॉइसने आधी बोटं चाचपली, एक एक करून, पट्टी कुठे आहे, जोड कुठे आहे. मग मूठ आवळली. फलंदाजाची मूठ होती ती, आणि त्याच्या अंगात काय उरलं होतं ते सगळं तिच्यात आलं. आत काहीतरी पुन्हा सुटलं, मग दुसऱ्यांदा सुटलं. डेल ओरडला, इतका की नर्स धावत आली. पण त्याने हात मागे ओढला नाही. रॉइस रडत होता आणि आवळत होता. नर्सने एक एक बोट उचकटून सोडवलं.

"काय चाललंय काय तुमचं!" ती किंचाळली. "कुणी केलं हे?"

डेल पलंगाच्या कडेला टेकला, हात पोटाशी धरून. "मीच केलं," तो म्हणाला.

रॉइसने पट्ट्यांखालचं तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता," तो म्हणाला. डेल उठला आणि जिना उतरून एलाडिओपाशी जाऊन बसला.